बाळ जन्मलं तेव्हा तर ठणठणीत होतं

“बाळ जन्मलं तेव्हा तर ठणठणीत होतं. तीन किलोचं. मग सहा महिन्यांत असं काय झालं?”

परळच्या एका रुग्णालयात, रक्ताच्या आजारांच्या ओपीडीत मी समुपदेशक म्हणून काम करते. थॅलेसेमिया या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचं निदान झालेल्या बाळांच्या घरच्यांकडून मला सगळ्यांत जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच. कधी आई विचारते, कधी वडील, पण बहुतेकदा सोबत आलेली आजी विचारते. आणि त्या प्रश्नाच्या पोटात आणखी एक प्रश्न असतो: चुकलं कुणाचं? लस टोचली म्हणून झालं का? वरचं दूध लवकर सुरू केलं म्हणून? दिवस असताना हिने नीट खाल्लं नाही म्हणून? उष्टावणापर्यंत गुटगुटीत असलेलं मूल त्यानंतर पांढरं पडत गेलं, म्हणजे त्या दिवशी कुणाची दृष्ट लागली का? मान खाली घालून बसलेल्या त्या आईला हे सगळं ऐकू येत असतं. ओपीडीच्या गर्दीत पुरेसं उत्तर देता येत नाही. तुम्हीही हाच प्रश्न विचारलात, म्हणून इथे सविस्तर लिहिते.

थॅलेसेमिया मेजर, म्हणजे या आजाराचं गंभीर रूप असलेलं बाळ जन्मतः निरोगी दिसतं, कारण ते तेव्हा जवळजवळ निरोगीच असतं. बिघाड असलेलं जनुक गर्भधारणेच्या क्षणापासून त्याच्या प्रत्येक पेशीत होतं, हे खरं. पण त्या जनुकावर अजून कामाची जबाबदारीच आलेली नव्हती.

तांबड्या पेशींतलं, प्राणवायू वाहून नेणारं हिमोग्लोबिन चार साखळ्यांचं बनतं. दोन अल्फा साखळ्या, आणि त्यांच्या जोडीला दुसऱ्या प्रकारच्या दोन. तुमच्या-माझ्या रक्तात ही दुसरी जोडी बहुतांशी बीटा साखळ्यांची असते. आईच्या पोटातल्या बाळात ती गॅमा साखळ्यांची असते, आणि त्याच्याही आधी, गर्भ अगदी काही आठवड्यांचा असताना, एप्सिलॉन साखळ्यांची. एप्सिलॉन, गॅमा, बीटा ही जनुकं अकराव्या गुणसूत्रावर एका ओळीत बसलेली आहेत, आणि ज्या क्रमाने बसली आहेत त्याच क्रमाने ती कामाला लागतात. (गॅमा आणि बीटाच्या मधे डेल्टा नावाचं थोडंसंच काम करणारं एक जनुक आहे. त्याचा उपयोग पुढे सांगते.)

लालबाग-परळच्या लोकांना हे सांगताना मी गिरणीची भाषा वापरते, कारण अजूनही अनेकांच्या घरात कुणीतरी गिरणीत होतं. पहिली पाळी एप्सिलॉनची, दुसरी गॅमाची, तिसरी बीटाची. पहिल्या दोन पाळ्यांचे कामगार धडधाकट आहेत, माल चोख निघतो आहे. तिसऱ्या पाळीवर यायचा कामगार आजारी आहे हे तोवर कुणाला कळणार? भोंगा वाजतो, गॅमा घरी जातो, आणि बीटा मागावर उभाच राहू शकत नाही.

पोटात असताना गॅमाच का, याला कारण आहे. बाळाचा श्वास तेव्हा सुरू नसतो. प्राणवायू वारेतून, आईच्या रक्तातून मिळवावा लागतो. गॅमा साखळ्यांचं गर्भीय हिमोग्लोबिन आईच्या हिमोग्लोबिनपेक्षा प्राणवायू अधिक घट्ट धरतं, म्हणून तो आईकडून बाळाकडे जातो. जन्माच्या वेळी बाळाच्या हिमोग्लोबिनपैकी साधारण ६० ते ८० टक्के या प्रकारचं असतं. वर्षभरात ते एक-दोन टक्क्यांवर येतं. पाळी एका रात्रीत बदलत नाही, आणि आधी बनलेल्या तांबड्या पेशीही काही आठवडे रक्तात फिरत राहतात, म्हणून पहिले काही महिने निभावतात. मग मूल फिकट पडू लागतं, दूध नीट पीत नाही, चिडचिड करतं, वजन वाढत नाही. बहुतेक मुलांचं निदान सहा महिने ते दोन वर्षं या काळात होतं. उष्टावणही सहाव्या-सातव्या महिन्यातच करतात. आजीला दिसलेला संबंध एवढाच आहे, दोन गोष्टी एकाच सुमाराला येतात.

जन्म होणं हेसुद्धा या बदलाचं कारण नाही. अपुऱ्या दिवसांचं बाळ दोन महिने आधी जन्मलं म्हणून त्याची पाळी दोन महिने आधी बदलत नाही. गर्भधारणेपासूनचे दिवस मोजणारं वेळापत्रक आतच असतं. लस, दूध, खिमट, देवदर्शनाला केलेला प्रवास, यांतलं काहीही त्याला हात लावू शकत नाही.

आता बीटा कमी पडला की नेमकं बिघडतं काय? अल्फा साखळ्या तर नेहमीसारख्याच बनत राहतात. जोडीदार न मिळालेल्या त्या साखळ्यांचे गठ्ठे होतात आणि तांबडी पेशी पूर्ण तयार होण्याआधीच, बोन मॅरोमध्येच (हाडांतल्या, रक्त बनवणाऱ्या मगजात), मरते. शरीर आणखी पेशी बनवायला धडपडतं, मॅरो फुगतो, गालांची आणि कपाळाची हाडं रुंदावतात, प्लीहा वाढते. ठरावीक आठवड्यांनी रक्त चढवलं की हे थांबतं, पण त्या रक्तातून येणारं लोह साठत जातं, म्हणून ते काढणारी औषधं लागतात.

उलट बाजूही पाहा. अल्फा साखळी गर्भातही लागते आणि नंतरही, तिला पाळी नाही. त्यामुळे अल्फाची चारही जनुकं नसलेल्या बाळाला जन्मानंतरची सवड मिळत नाही. ते पोटातच गंभीर आजारी पडतं. दोन आजार, दोन्ही हिमोग्लोबिनचे. पण एक आधी दिसतो, एक नंतर, आणि हा फरक कुठलं जनुक केव्हा कामावर असतं यावरूनच पडतो.

मला या विषयाचं खरं वेड लागलं ते इथे. डोळ्याच्या पेशीत, कातडीच्या पेशीत, मेंदूच्या पेशीतही बीटाचं जनुक आहे. तिथे ते आयुष्यभर गप्प असतं. माणसात प्रथिनं बनवणारी जनुकं आहेत सुमारे २०,०००, आणि ती आपल्या डीएनएच्या जेमतेम दीड-दोन टक्के जागेत मावतात. उरलेल्या जागेत, बाकी पुष्कळ गोष्टींबरोबर, कुणी कधी, कुठे आणि किती काम करायचं याचे हुकूम लिहिलेले आहेत. सहावं बोट घेऊन जन्मलेलं मूल आपल्याकडे भाग्याचं मानतात. काही घराण्यांत अंगठ्याजवळ असं जादा बोट येतं ते हातापायांची घडण करणाऱ्या जनुकात काही बिघडल्यामुळे नसतं. त्या जनुकापासून डीएनएची सुमारे दहा लाख अक्षरं दूर, दुसऱ्याच एका जनुकाच्या आत बसलेल्या त्याच्या हुकुमात एक अक्षर बदललेलं असतं. जनुक शाबूत, हुकूम जरा वेगळा, आणि हाताचा आकार बदलला.

थॅलेसेमियातही हे दिसलं आहे. १९८३ साली एका डच कुटुंबातली अशी बाब प्रसिद्ध झाली की बीटाचं जनुक अक्षर न् अक्षर बरोबर आहे, पण त्याच्या बराच वरचा डीएनएचा मोठा तुकडा गळालेला आहे, आणि त्यामुळे ते जनुक मुकं झालं आहे. त्या गळालेल्या भागातच या सगळ्या ओळीला जागं करणारी जागा होती. आपल्याकडे बिघाड बहुतेकदा बीटाच्या जनुकातच असतो. भारतात सर्वांत जास्त सापडणारा बदल एका अक्षराचा आहे, जी च्या जागी सी. तोही प्रथिनाच्या मजकुरात नाही, तर मजकुराची नक्कल काढल्यावर कापून टाकायच्या भागात. कापायची जागाच पेशीला नीट ओळखता येत नाही. उल्हासनगरहून येणाऱ्या सिंधी कुटुंबांत बरेचदा जनुकाचा ६१९ अक्षरांचा तुकडाच नसतो.

मग गॅमाला घरी पाठवतो कोण? १९४८ साली न्यूयॉर्कच्या बालरोगतज्ज्ञ जॅनेट वॉटसन यांनी पाहिलं की सिकल सेल (बीटाच्याच जनुकातल्या बिघाडाचा आणखी एक आजार) असलेल्या बाळांच्या तांबड्या पेशी जन्मानंतर काही काळ विळ्यासारख्या वाकत नाहीत. गर्भीय हिमोग्लोबिन त्यांना सांभाळत असावं, असा त्यांचा तर्क होता आणि तो बरोबर ठरला. पुढे अशीही माणसं सापडली की ज्यांच्यात गॅमा जन्मभर कामावर राहतो आणि त्यांना त्याचा काहीच त्रास होत नाही. म्हणजे गॅमाला थांबवून धरता आलं तर? ज्या रुग्णांत तो आपसूक थोडा जास्त टिकतो, त्यांचा आजार सौम्य असतो. “दोघी बहिणींचा आजार एकच, मग थोरलीला दर तीन आठवड्यांनी रक्त आणि धाकटी तशीच हिंडते, असं का?” याचं एक उत्तर यात आहे.

२००८ साली विजय शंकरन आणि स्टुअर्ट ऑर्किन यांच्या गटाने दाखवलं की बीसीएल११ए नावाचं एक प्रथिन गॅमाला गप्प करतं. गिरणीतला जॉबर म्हणा, कुणाला कामावर घ्यायचं आणि कुणाला परत पाठवायचं हे ठरवणारा. त्याचं स्वतःचं जनुक दुसऱ्या गुणसूत्रावर आहे. मग या जॉबरलाच काढून टाकावं, असं पटकन मनात येतं. ते करता येत नाही. हेच प्रथिन मेंदूच्या घडणीला लागतं, प्रतिकारशक्तीच्या पेशींनाही लागतं. ज्या मुलांत जन्मतःच त्याच्या जनुकाची एक प्रत निकामी असते, त्यांचं गर्भीय हिमोग्लोबिन चढं राहतं खरं, पण त्यांचा बौद्धिक विकास मागे पडतो.

वाट सापडली ती पुन्हा हुकुमात. २०१३ मध्ये त्याच गटाच्या कामातून कळलं की बीसीएल११एच्या जनुकात एक छोटी जागा अशी आहे की जिचा हुकूम फक्त तांबड्या पेशींच्या वंशावळीत चालतो. तेवढीच मोडली तर रक्तातला जॉबर दुबळा होतो, मेंदूतल्याला धक्का लागत नाही. क्रिस्पर या डीएनए कापण्याच्या तंत्राने रुग्णाच्या स्वतःच्या, रक्त बनवणाऱ्या मूलपेशींत नेमका तिथे छेद देणारा कॅसजेव्ही हा उपचार २०२३ च्या नोव्हेंबरमध्ये ब्रिटनमध्ये मंजूर झाला, त्यानंतर अमेरिकेत. बीटाचा बिघाड त्यात दुरुस्त करतच नाहीत. तो आजारी कामगार आजारीच राहतो, दुसऱ्या पाळीवाल्याला परत बोलावून घेतात. मला हे माणसाच्या बुद्धीचं फार सुंदर काम वाटतं.

पण पालघरहून पहिली लोकल पकडून आलेल्या आईला हे सांगताना पुढचंही सांगावं लागतं. अमेरिकेत या उपचाराची किंमत २२ लाख डॉलर लावली आहे, आणि त्याआधी मॅरो रिकामा करायला जबर केमोथेरपी घ्यावी लागते. आज आमच्या कुटुंबांच्या आवाक्यात आहे ते नियमित रक्त, लोह काढणाऱ्या गोळ्या, आणि सख्ख्या भावंडाचा मॅरो जुळला तर प्रत्यारोपण. प्रत्येक भावंडाशी जुळण्याची शक्यता चारात एक. प्रत्यारोपणाला पैसे कमी पडत असतील तर कोल इंडियाच्या थॅलेसेमिया बाल सेवा योजनेची चौकशी जरूर करा. आणि पालघर, नंदुरबार, विदर्भातल्या सिकल सेलच्या रुग्णांसाठी हायड्रॉक्सीयुरियाची गोळी आहे. तीही गर्भीय हिमोग्लोबिन वाढवते, म्हणजे त्याच गॅमाला हाक मारते, आणि ती महाग नाही.

आता आजींच्या पोटातल्या प्रश्नाकडे येते. बाळात बीटाच्या जनुकाच्या दोन प्रती असतात, एक आईकडून आलेली, एक वडिलांकडून. मेजर होण्यासाठी दोन्ही बिघडलेल्या लागतात. याचा अर्थ आई आणि वडील दोघेही मायनर आहेत, म्हणजे एक बिघडलेली प्रत बाळगणारे वाहक आहेत. दोघांपैकी एकट्याच्या नावावर हे कधीच मांडता येत नाही, आणि सुनेच्या नावावर तर मी मांडू देतच नाही. मी आजींना हाताला धरून दोघांचे रिपोर्ट शेजारी-शेजारी दाखवते. “आमच्या घराण्यात कुणालाच नव्हतं” हेही खरंच असतं, कारण मायनरला सहसा काही जाणवत नाही. त्याची एक प्रत चांगली असते, तेवढी पुरते. पिढ्यान्पिढ्या हे असं गुपचूप चालत येतं आणि दोन वाहकांचं लग्न झालं की उघडं पडतं.

वाहक ओळखायला एचपीएलसी नावाची रक्ततपासणी आहे. तिथे ते मघाचं डेल्टा कामाला येतं. डेल्टाच्या साखळ्यांपासून बनणारं एचबी ए-टू वाहकांत वाढलेलं असतं, साधारण साडेतीन-चार टक्क्यांच्या वर. मला राग येतो तो एकाच गोष्टीचा: हिमोग्लोबिन दहाच्या आसपास, तांबड्या पेशी आकाराने लहान पण संख्येने भरपूर, असा सीबीसी (रक्तपेशींच्या मोजणीचा रिपोर्ट) हातात असूनही कितीतरी बायकांना वर्षानुवर्षं नुसत्या लोहाच्या गोळ्या दिल्या जातात. असा रिपोर्ट तुमच्या घरात कुणाचा असेल तर एचपीएलसी करून घ्या. लग्नाआधी केली तर उत्तम. दिवस राहिल्यावर करायची असेल तर पहिल्या दीड-दोन महिन्यांतच करा, आणि बायको वाहक निघाली तर त्याच आठवड्यात नवऱ्याचीही.

घाईचं कारण असं. दोघे वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात मेजरची शक्यता २५ टक्के असते. पहिलं मूल मेजर झालं म्हणून पुढची तीन सुटली, असा हिशेब इथे चालत नाही. बाळात काय आलं आहे हे अकराव्या आठवड्याच्या सुमारास वारेचा छोटा नमुना घेऊन तपासता येतं, पण प्रयोगशाळेला आधी आई-वडिलांचे नेमके बदल माहीत असावे लागतात, आणि ते शोधायला वेळ लागतो. म्हणून दुसऱ्या बाळाचा विचार मनात आला, की दिवस राहण्याची वाट न बघता दोघांनी एकत्र या. पहिल्या बाळाची फाइल आणि दोघांचे जुने रिपोर्ट सोबत आणा. आजींनाही आणलंत तरी चालेल.