घण कोण मारणार?

मसुद्यातला पहिलाच नियम असा होता : ‘सुरी स्पर्धकाने एकट्याने, विजेवर चालणारे कोणतेही यंत्र न वापरता, पूर्णपणे हाताने घडवलेली असावी.’ ऐकायला छान. रानात नेता येईल, फाटी तोडता येतील, दोर कापता येईल अशा हातघडणीच्या सुऱ्यांची स्पर्धा घ्यायची, असं डोंगरात भटकणाऱ्या एका गटाने ठरवलं होतं. बक्षिसाची रक्कमही चांगली ठेवली होती. नियम पोलादाच्या अंगाने तपासून द्यावेत म्हणून त्यांनी मला बोलावलं. मी भोसरीत हीट ट्रीटमेंटच्या शॉपमध्ये सुपरवायझर आहे. गिअर, शाफ्ट, पिना तापवायच्या, तेलात बुडवायच्या, पुन्हा थोड्या गरम करून ठिसूळपणा घालवायचा आणि कडकपणा मोजून द्यायचा, हे माझं रोजचं काम.

बैठक भोरजवळ एका शेतावरच्या शेडमध्ये होती. पुण्याहून हौसेने सुऱ्या बनवणारे आले होते, त्यात एक डॉक्टर. आसपासच्या गावांतले दोन लोहार होते. आणि रस्त्याकडेला पाल ठोकून राहिलेलं एक घिसाडी जोडपं होतं. आयोजकांपैकी एकाने नुकतीच त्यांच्याकडून कुऱ्हाड पाजवून घेतली होती, त्या ओळखीवर दोघांना बोलावलं होतं. बाईंना सगळे मावशी म्हणू लागले, मीही.

सुरुवात कायद्याने केली, कारण तिथे वादाला जागा नव्हती. शस्त्र नियम 2016 च्या अनुसूचीत 9 इंचांहून लांब किंवा 2 इंचांहून रुंद पात्याच्या सुऱ्या शस्त्रांत मोजल्या आहेत. घरगुती, शेतीच्या, शास्त्रीय आणि औद्योगिक वापरासाठी बनवलेली हत्यारं त्यातून वगळली आहेत. म्हणजे ऊसतोडीचा कोयता रुंद असला तरी तो शेतीचं अवजार. पण रानात नेण्यासाठी म्हणून दहा इंची, दोन्हीकडून धारेची सुरी घडवली आणि ती घेऊन कुणी एसटीत बसला, तर विचारणाऱ्याला तो काय सांगणार? पातं 8 इंचांच्या आत, रुंदी पावणेदोन इंचांच्या आत, धार एकाच बाजूला, असं लिहून टाकलं. महाराष्ट्र पोलीस अधिनियम 1951 च्या कलम 37 खाली हत्यारं बाळगायला मनाई करणारे आदेश वरचेवर निघतात, तेव्हा पोलीस ठाण्याला आधी लेखी कळवायचं आणि प्रत्येक सुरी म्यानात, वर कापडात गुंडाळूनच आणायची, हेही ठरलं.

मग पोलादाचा विषय निघाला आणि आवाज चढले.

हौशी मंडळी दुकानातून प्रमाणपत्रासकट पट्टी विकत आणतात. एकाची पट्टी ईएन 31 ची होती. हे बेअरिंगचं पोलाद, कार्बन एक टक्क्याच्या आसपास, क्रोमियम दीड टक्क्याच्या आगेमागे. नीट पाणी दिलं, म्हणजे तापवून तेलात झटकन थंड करून कडक केलं, तर धार पुष्कळ टिकते. डॉक्टर डी 2 वापरत होते, त्यात क्रोमियम बारा टक्क्यांच्या घरात आणि पाणी द्यायला ते हजार अंशांच्या वर तापवावं लागतं. लोहारांकडे असतो भंगारातला पाटा. गाड्यांचा कमानपाटा बहुधा सिलिकॉन-मँगनीजच्या पोलादाचा, कार्बन साधारण अर्धा टक्का किंवा जरा जास्त. त्याची सुरी दणका झकास सोसते, पण दोरावर दोर कापत गेलं तर ईएन 31 च्या आधी बोथट होणार. हे मी सगळ्यांसमोर स्पष्ट सांगितलं. कारागीर कोण चांगला हे कळण्याऐवजी पट्टी कुणी महाग घेतली एवढंच कळणार असेल, तर लोहारांनी यावं कशाला?

माझं म्हणणं होतं की सगळ्यांना एकाच नव्या पाट्याचे तुकडे द्यावेत. भंगारातला नको, कारण वर्षानुवर्षं खड्ड्यांत आपटलेल्या पाट्यात बारीक चिरा धरलेल्या असू शकतात. घडवताना त्या दिसत नाहीत, पाणी देताना उघडतात, आणि दोष कारागिराच्या माथी येतो. यावर वयाने मोठे असलेले लोहारकाका म्हणाले, ‘‘साहेब, भंगारातनं चांगला पाटा निवडणं हीच तर निम्मी विद्या. ठिणगी बघून मी सांगतो, काय हाय ते.’’ त्यांचं खरं आहे. ग्राइंडरला लावल्यावर कार्बन भरपूर असलेल्या पोलादाची ठिणगी फुलबाजीसारखी फुटते, मऊ लोखंडाची लांब आणि सरळ जाते. पण स्पर्धकाच्या हाताची पारख करायची तर नशिबाचा भाग कमी करावा लागतो. ठिणगी ओळखण्याची वेगळी छोटी स्पर्धा ठेवायचं ठरलं. काकांचं पूर्ण समाधान झालं नाही, हे त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं.

प्रत्येकाला दोन तुकडे मिळतील. एक फुटला तर दुसरा. तुकड्याच्या एका टोकाला आम्ही पोलादी ठशाने नंबर ठोकून देणार. ते टोक मुठीत जाईल, पण मूठ अशी बसवायची की नंबर उघडा राहील. त्यामुळे तयार पातं आणून आपलं म्हणता येणार नाही. घडवायचं मात्र ज्याच्या त्याच्या भट्टीवर. सगळ्यांना एका मैदानात आणून घडवायला लावावं असं एकाने सुचवलं होतं. पण लोहाराचा हात त्याच्या ऐरणीला, त्याच्या कोळशाला बसलेला असतो. परक्या भट्टीवर त्याची परीक्षा घेणं मला मंजूर नव्हतं.

वीजबंदीचा नियम धाकट्या लोहाराने एका वाक्यात मोडीत काढला. ‘‘माझ्या भट्टीला ब्लोअर हाय, तो काय आता काढून टाकू?’’ कातडी भाता चालवायला माणूस लागतो आणि त्या माणसाला मजुरी लागते. हँड ग्राइंडर आज गावच्या लोहाराकडेही असतो. पातं कानशीने उतरवायला दिवस जातो. नोकरदाराला तो रविवारी परवडतो, रोज चूल पेटवणाऱ्याला परवडत नाही. विजेवर बंदी म्हणजे पोटासाठी काम करणाऱ्यावरच बंदी, आणि वर तिला हाताच्या कामाचा मान म्हणायचं! ब्लोअर, ग्राइंडर, ड्रिल चालेल. लेझरने कापलेलं पातं, पॉवर हॅमर आणि बाहेरून करून आणलेली हीट ट्रीटमेंट चालणार नाही.

डॉक्टरांकडे तापमान आपोआप धरून ठेवणारी विजेची भट्टी होती. ती नको, असं मी म्हणालो. ते रागावले आणि त्यांच्या रागात तथ्य होतं, कारण भट्टी त्यांनी स्वतः विटा रचून बांधली होती. पण काट्यावर धरलेलं तापमान पैशाने मिळतं, आमच्या शॉपमध्ये आम्ही तेच विकतो. भट्टीतल्या पात्याचा रंग ओळखून नेमक्या क्षणी ते बाहेर काढणं विकत मिळत नाही, आणि पात्याचा जीव त्या क्षणात असतो. लोहचुंबक सगळ्यांना मोकळा ठेवला. पोलाद सुमारे 770 अंशांना चुंबकाला धरायचं सोडतं, तिथून आणखी थोडं चढवलं की पाट्याला तेलात बुडवायची वेळ येते. डॉक्टरांनी शेवटी कोळशाची भट्टी वापरायचं कबूल केलं.

यानंतर पहिला नियम दुरुस्त करून पुन्हा वाचला गेला. विजेची अट गेली होती, ‘एकट्याने’ तसंच राहिलं होतं. तोवर मावशी काही बोलल्या नव्हत्या.

‘‘एकट्यानं कसं व्हायचं? हे सांडशी धरत्यात. मग घण कोण मारणार?’’

‘‘मावशी, मदतनीस चालेल की,’’ आयोजक म्हणाला.

‘‘मी मदतनीस न्हाई.’’

त्यांनी हे भांडायला म्हटलं नव्हतं. आपलं काम सांगावं तसं सांगितलं. त्यांचा नवरा म्हणाला, ‘‘बघायचं असंल तर दावतो.’’ पाल जवळच होतं. त्यांनी जाऊन ऐरण, घण, सांडशी, हातपंखा आणला. अंगणात ऐरण रोवली, खड्ड्यात कोळसा पेटवला. आम्ही सगळे भोवती उभे राहिलो. लालभडक पाटा त्याने ऐरणीवर ठेवला आणि हातातल्या लहान हातोड्याने एका जागी टिचकी मारली. घण त्याच जागी पडला. हातोडा बोटभर सरकला, घणही बोटभर सरकला. तो पाटा फिरवत होता आणि मावशी जोर कमीजास्त करत होत्या. पाठीकडे भारी घाव, धारेकडे उतरता. दोघांत बोलणं काहीच नव्हतं.

पातं निवल्यावर मी व्हर्निअर लावला. पाठीपासून धारेपर्यंत जाडी दोन्ही बाजूंनी सारखी उतरत गेली होती. हे किती मोलाचं आहे ते मी रोज बघतो. जाडी एकीकडे जास्त राहिली की थंड होताना दोन बाजू सारख्या आकसत नाहीत आणि काम तेलातून वाकडं होऊन बाहेर येतं. म्हणजे पाणी देताना हे पातं सरळ राहील, ते निम्मं मावशींच्या नेमावर. नियमात त्यांना मदतनीस लिहायचं तर ते खोटं लिहिणं होतं, आणि माझी तशी सही झाली नसती.

एका हौशी मुलाने रास्त शंका काढली. दोघांचं बळ आणि एकट्याचं बळ, ही बरोबरी कशी? मी म्हणालो, ही कला मुळात दोघांची आहे, एकट्याने करणं ही शहरातली सोय. तूही घणकरी आण. घडवणारे एक किंवा दोन, त्याहून जास्त नाही. आणि दोन असतील तर दोन्ही नावं अर्जावर, फलकावर आणि प्रशस्तिपत्रावर सारख्याच अक्षरांत. मावशी म्हणाल्या, ‘‘ऊसतोडीला नवरा-बायकूचा मिळून एक कोयता धरत्यात, अन् उचल जाती गड्याच्या हातात. हितं तरी दोन लिवा.’’ मी त्यांच्यासमोरच लिहिलं.

उरलेला दिवस चाचण्यांत गेला. डॉक्टरांनी अमेरिकन ब्लेडस्मिथ सोसायटीच्या परीक्षेचा दाखला दिला. 1976 साली स्थापन झालेली ही संस्था आपल्या कारागिरांकडून लोंबता इंचभर जाडीचा दोर एका घावात कापून घेते, लाकडी दांड्या तोडून घेते, त्यानंतर त्याच धारेने हातावरचे केस उतरवायला लावते, आणि शेवटी पातं शिकंज्यात धरून काटकोनात वाकवते. पहिल्या गोष्टी घेण्यासारख्या होत्या. दोरासाठी आपला काथ्याचा दोर घेतला, केसांऐवजी वर्तमानपत्राचा कागद. वाकवण्यावर मात्र काका उसळले. ‘‘वाकवून टाकल्यावर ती विकू कुणाला?’’ ती परीक्षा कारागिराला दर्जा देण्यासाठी आहे, तिथे एक पातं खर्ची घालणं समजू शकतं. इथे ज्याची सुरी म्हणजे मजुरी आहे त्याला हरल्यावर वर नुकसान कशाला? त्याऐवजी पितळी सळईवर धार दाबून सरकवायची. धार किंचित लवली आणि परत जागेवर आली तर पाणी बरोबर. लवलेलीच राहिली तर मऊ, टवका उडाला तर ठिसूळ.

बांबूवर सर्वांत जास्त वेळ गेला आणि तो जायलाच हवा होता. कळकाचा बुंधा जाड सालीचा असतो, शेंडा पातळ. एकाला बुंध्याचा तुकडा आणि दुसऱ्याला शेंड्याचा दिला तर निकाल तिथेच लागतो. म्हणून सगळे बांबू त्याच सकाळी तोडलेले, ओले. प्रत्येकाला एक तुकडा बुंध्याकडचा आणि एक मधला, चिठ्ठी टाकून. घाव पेरावर नाही, दोन पेरांच्या मध्ये खडूने ओढलेल्या रेघेवर.

आणि तोडणार कोण? घडवणाऱ्यानेच तोडायचं तर तालमीतला गडी जिंकेल आणि साठीचे काका हरतील, सुरी कशीही असो. दोन तटस्थ माणसं तोडतील, पात्यावरचे ठसे चिकटपट्टीने झाकलेले असतील. पण तोडणाऱ्याचाही हात थकतो, शेवटच्या सुऱ्यांना थकलेला हात मिळतो. त्यावर धाकट्या लोहाराने तोडगा काढला : दुसरी फेरी उलट्या क्रमाने घ्या, पहिल्या फेरीतला शेवटचा तिथे पहिला. इतकं सोपं आणि इतकं बरोबर उत्तर आमच्यापैकी कुणाला सुचलं नव्हतं.

सुरक्षेत मी कुणाचंच ऐकलं नाही. घाव घालण्याआधी प्रत्येक पातं डिझेलमध्ये बुडवायचं, कोरडं पुसायचं आणि खडूची पूड लावायची. चीर असेल तर आत शिरलेलं तेल पांढऱ्या पुडीवर रेघ काढतं. रेघ दिसली की सुरी बाद. मुठीला मनगटात अडकवायची दोरी हवी, तोडणाऱ्याला चष्मा आणि बूट हवेत, घावाच्या रेषेत पुढे किंवा मागे कुणी उभं राहायचं नाही.

बक्षिसाचा चेक एकाच नावावर काढायचा असं मसुद्यात होतं. जोडी जिंकली तर रक्कम निम्मी निम्मी, दोन वेगळ्या खात्यांवर, असं मी सुचवलं. आयोजक म्हणाला, एकच चेक सोपा पडतो. मावशींनी विचारलं, खातं नसेल तर काय? ज्याचं खातं नाही त्याला त्याचा निम्मा हिस्सा रोख, सगळ्यांसमोर, त्याच्याच हातात द्यायचा, असं शेवटचं कलम लिहिलं. लोहारकाकांनी ते मोठ्याने वाचायला लावलं, ऐकून ‘‘हां, आता सही करा’’ म्हणाले, आणि मी सही केली.