मानवतचं मशीन: कूलरच्या बुडाला चिकटलेली बारा-तेरा वर्षं

आमच्या परभणीत एप्रिलमध्ये 'कूलर साफ करतोय' म्हटलं की लोकांना खिडकीतलाच कूलर दिसतो. शेजारच्या काकांनी विचारलं, "वाळा नवा आणलास का जुनाच धुवू लागलास?" मी हातातला संगणकाच्या कूलरचा तळहाताएवढा पंखा दाखवला. ते म्हणाले, "एवढ्याशानं काय थंड होतंय?"

काका, तोच तर प्रश्न आहे.

मशीन, म्हणजे हा जुना संगणक, आमच्या जिल्ह्यातल्या मानवतच्या एका कापसाच्या जिनिंगमधून आलंय. वजनकाट्याच्या खोलीत पावत्या छापायचं. तिथं नवं आल्यावर हे भंगाराच्या भावात माझ्याकडे आलं. आत इंटेलचा आय-फाइव्ह २४०० प्रोसेसर, म्हणजे २०११ची सँडी ब्रिज पिढी, चार कोअर, ९५ वॅट. वर इंटेलचाच गोल कूलर, अॅल्युमिनियमच्या पात्या आणि मधे तांब्याचा गाभा.

१२ एप्रिल

सगळ्यात आधी आकडे. खोलीतला कूलर बंद केला, कारण तो चालू असला की खोलीचं तापमान दर दहा मिनिटांनी बदलतं आणि तुलनेला अर्थ राहत नाही. खोली ३८ अंश. मशीन नुसतं बसलेलं असताना प्रोसेसर ६३, चारही कोअरवर लोड, म्हणजे पूर्ण ताकदीचं काम, दिल्यावर चार मिनिटांत ९७, मग वेग आपोआप खाली. व्हिडिओत कुणी 'माझा ३० वर बसतो' म्हणालं तर मनावर घेऊ नका. त्याच्या खोलीत एसी आहे. हवेवर चालणारा कूलर प्रोसेसरला खोलीपेक्षा थंड करू शकत नाही, म्हणून खोलीचा आकडा शेजारी लिहिल्याशिवाय प्रोसेसरचा आकडा लिहायचाच नाही, असा माझा नेम आहे.

पंख्याचे खटके सोडवले. खाली रुईची चकती, नमद्यासारखी घट्ट, एका तुकड्यात उचलून निघाली. आत सरकीचं टरफलही होतं. अशा आणखी चार-पाच निघाल्या असत्या तर गादीवाल्याकडून उशी भरून घेतली असती. उरलेल्या पात्या ब्लोअरनं मोकळ्या केल्या. पंख्यावर हवा मारताना मात्र त्याला बोटानं धरून ठेवायचं, गरगर फिरू द्यायचं नाही.

फक्त एवढ्यावर लोडचा आकडा ८९ झाला. बाकीचं पेस्टकडे, म्हणजे प्रोसेसर आणि कूलरच्या मधे उष्णता पोचवायला लावतात त्या लेपाकडे.

१३ एप्रिल

मशीन दहा मिनिटं चालवून पेस्ट कोमट केली, बंद केलं, वायर काढली. कूलरला मदरबोर्डवर, म्हणजे संगणकाच्या मुख्य पाटीवर, धरणाऱ्या चारही पिना बाणाच्या दिशेनं पाव फिरवून वर ओढल्या. कूलर सरळ उपटायचा नाही, आधी डावी-उजवीकडे हलका फिरवून चिकटलेली पेस्ट सोडवायची. या सॉकेटमध्ये, म्हणजे बोर्डावरच्या प्रोसेसरच्या खोबणीत, प्रोसेसर पोलादी चौकटीखाली अडकलेला असतो, म्हणून फारशी भीती नाही. एएमडीच्या एएम-फोर सॉकेटवाल्यांनो, तुमचा प्रोसेसर मात्र पिनांसकट कूलरला लटकत वर येतो. तिथं फिरवणं विसरू नका.

पेस्ट कशी होती? पानटपरीवरच्या चुन्याच्या डबीच्या काठाला जो वाळलेला थर असतो ना, नखानं टोकरला की पापुद्रा उडतो, तशी. फक्त रंग राखाडी. पेस्टमध्ये सिलिकॉनसारखं तेलकट माध्यम आणि त्यात झिंक ऑक्साइड किंवा अॅल्युमिनियम ऑक्साइडची भुकटी असते. वर्षानुवर्षांच्या गरम-थंड होण्यात तेल सुटून बाजूला जातं आणि मधे भुकटी उरते. भेगांत शिरते ती हवा, आणि हवेइतकं उष्णता अडवणारं दुसरं काही त्या जागी नसतं.

इथं आधी अल्कोहोल ओतायची घाई करू नका. ओली झाली की ती पातळ होऊन कडेवरून चौकटीच्या फटीत उतरते. मी जुनं एटीएम कार्ड आडवं धरून कोरडीच खरवडली, कडेकडून मधे. मधे छोटा ढीग झाला, तो चिंधीनं उचलला. प्रोसेसर सॉकेटमधून काढला नाही. खालच्या ११५५ टाचण्यांतली एक वाकली की बोर्ड गेला.

मग पहिली चूक. घरात कोविडच्या काळातल्या सॅनिटायझरचा अर्धा कॅन पडून होता. म्हटलं, अल्कोहोलच आहे. पुसलं, वाळलं, बोट फिरवलं तर बुळबुळीत. हाताची त्वचा कोरडी पडू नये म्हणून त्यात ग्लिसरीन घालतात, ते मागे राहतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्रातही १.४५ टक्के ग्लिसरॉल आहे. मोबाइल दुरुस्तीवाल्याकडून आयपीएची, म्हणजे आयसोप्रोपिल अल्कोहोलची, बाटली आणली, तेव्हा काम सरळ झालं. ही बाटली स्वयंपाकघरात उघडू नका. तिची वाफ बारा अंशांवरही ठिणगीनं पेट घेते आणि आपल्याकडे तर अडतीस होते. आईच्या भाकरी चालू होत्या, म्हणून मी ओसरीत बसलो.

चिंधी मात्र चांगली मिळाली, आजोबांच्या धोतराचा तुकडा. शेकडो वेळा धुतलेला, एक तंतू सुटत नाही. कापसाचा बोळा वापरला असता तर जिनिंगची रुई परत गाभ्यावर.

चार-पाच फेऱ्यांत गाभा साफ. पण मधोमध एक तपकिरी कडं राहिलं, पेस्टच्या कडेचा ठसा. त्याच्यामागे मी दीड तास घालवला. पुस, बघ, पुन्हा पुस. आई बाहेर आली, "काय घासू लागलास रे एवढं सकाळपासून? चिंच लाव की जराशी, तांब्या निघतो तसा लख्ख निघंल."

साफ झालं का हे पाहायला काही जण धातूवर 'हाऽ' करून वाफ धरतात, कुठं ओशट आहे ते दिसतं. करून पाहिलं. वाफ धरेचना! आपला श्वास चौतीस-पस्तीस अंशांचा आणि तांबं अडतीसचं, त्यावर दव कुठून बसणार? शेवटी धोतराचाच कोरा कोपरा ओला करून जोरात दाबून फिरवला. कोपरा पांढराच राहिला. म्हणजे कडं हा लेप नव्हे, तांब्याचा काळवंडलेला रंग. तिथं थांबलो.

१४ एप्रिल

जयंतीची सुट्टी. संध्याकाळी जोडणी. प्रोसेसरच्या मधोमध तुरीच्या दाण्याएवढी पेस्ट, वरून कूलर, पिना तिरप्या जोडीनं दाबल्या. बाहेर मिरवणूक अगदी दारावरून चाललेली, खिडकीची तावदानं थरथरत होती.

लोड दिला. एका मिनिटात ९५!

आधी शंका सॅनिटायझरवर, मग पेस्टच्या नळीवर, मग स्वतःच्या अकलेवर. रात्री झोप नीट नाही.

१५ एप्रिल

सकाळी बोर्ड उलटा करून पाहिला. तीन पिनांचे पाय मागून फाकलेले, चौथ्याचे मिटलेलेच. पिन बसताना 'टक्' असा आवाज येतो, तो डीजेत मला ऐकूच आला नव्हता. कूलर काढला तर पेस्टनंच सगळं सांगितलं: एका कोपऱ्यात जाड लोंदा, समोरच्या बाजूला जवळपास काहीच नाही. ओली पेस्ट असल्यानं या वेळी सफाई पाच मिनिटांत. एकदा उचललेल्या पेस्टवर तोच कूलर परत दाबू नका, आत हवेचे फुगे अडकतात.

नवा दाणा, चार टक्, मोजून.

खोली ३८, बसलेलं असताना ४६, लोडवर ७६. रात्री दोन वाजता खोली ३१ झाल्यावर पुन्हा लोड दिला: ६९. दोन्ही वेळा खोली आणि प्रोसेसरमधला फरक ३८. हा फरक पाहून मी जास्त खूश झालो, कारण हा एप्रिलचा नाही, कूलरचा आकडा आहे. सँडी ब्रिजचं एक बरं असतं, वरच्या धातूच्या झाकणाखाली चिपला डाख दिलेला असतो. पुढच्या २०१२च्या आयव्ही ब्रिजपासून तिथंही पेस्ट आली. ती वाळली तर बाहेरून कितीही पुसा, उपयोग कमीच.

१९ एप्रिल

राहवलं नाही. कूलर पुन्हा काढला, पेस्ट पुसली, आणि आईच्या हाती दिला. पंखा आधीच वेगळा केला होता. तिनं चिंचेचा कोळ आणि चिमूटभर मीठ लावून अंगठ्यानं दोनदा फिरवलं. कडं गेलं, गाभा नव्या तांब्यासारखा गुलाबी. पाण्यानं धुतला, उन्हात अर्धा तास ठेवला, वर आयपीएचा हात, नवी पेस्ट, चार टक्.

खोली ३८, लोडवर ७६.

आईला आकडा सांगितला. "पण दिसतंय किती छान," ती म्हणाली. आता ते छान पेस्टखाली गेलंय, पुढची काही वर्षं कुणाला दिसायचं नाही. पंखा मात्र सुरू होताना अजून कुरकुरतो. उद्या त्याचं स्टिकर सोलून शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब टाकून बघणार आहे.