१७ एप्रिलचं मत
आमदार भारत भालके नोव्हेंबर २०२० मध्ये गेले. पंढरपूर-मंगळवेढ्याची पोटनिवडणूक लागली १७ एप्रिल २०२१ ला, ऐन कोरोनात. मी सोलापुरात राहतो, पण माझं नाव मंगळवेढ्याकडच्या गावच्या यादीत. आई फोनवर म्हणाली, "येऊ नगंस बाबा." तरी गाडी काढली. आमच्या ३५ गावांचा पाण्याचा प्रश्न किती वर्षं नुसता ऐकायचा?

केंद्रावर उजव्या हातासाठी प्लॅस्टिकचा पातळ मोजा दिला. घामानं तो बोटांना चिकटला. बटण दाबलं, चिठ्ठीवरचं चिन्ह नीट बघितलं, मगच हललो.

२ मेला समाधान आवताडे निवडून आले, चार हजारांहूनही कमी मतांनी.

मतदानाच्या दिवशी आईनं अंगणातच आंघोळीची बादली ठेवली होती. पाणी टँकरचं.