डावा हात आधी

"इंजिन बंद पडलं तर पहिली गोष्ट काय करशील?"

नवा विद्यार्थी आला की पहिल्याच दिवशी, हेलिकॉप्टर अजून हँगरमध्ये उभं असताना, मी हा प्रश्न विचारते. गेल्या महिन्यात आलेला मुलगा क्षणभर थांबला आणि म्हणाला, "मॅडम, उतरायला जागा शोधेन." उत्तर समंजस आहे. बहुतेक जण हेच देतात, आणि म्हणूनच मला त्याची धास्ती वाटते. तो खाली मैदान शोधत असेल तेव्हा त्याचा डावा हात आधी होता तिथेच असेल, आणि आर-२२ सारख्या छोट्या हेलिकॉप्टरमध्ये तेवढा वेळ मिळत नाही.

डाव्या हातात कलेक्टिव्हचा दांडा असतो. तो वर घेतला की दोन्ही पात्यांचा कोन एकदम वाढतो, खाली केला की कमी होतो. इंजिन चालू असतं तोवर हाच कोन आपल्याला उचलून धरतो. इंजिन गेलं की तोच पात्यांना ब्रेकसारखा अडवायला लागतो. आर-२२ चा रोटर (डोक्यावरचा फिरता पंखा) १०४ टक्क्यांवर फिरतो, म्हणजे मिनिटाला साधारण ५३० फेरे. पाती हलकी, त्यामुळे त्यांच्यात साठलेली ऊर्जाही थोडीच. ९७ टक्क्यांना धोक्याचा भोंगा वाजतो. कलेक्टिव्ह खाली करायला हाताशी एक-दीड सेकंद असतो, त्याहून जास्त धरून चालू नये. फ्लाइट मॅन्युअलमध्ये सरळ हिशोब दिलाय: ८० टक्के, अधिक उंचीच्या दर हजार फुटांमागे एक टक्का. आरपीएम (रोटरचे मिनिटाचे फेरे) त्याखाली गेला तर रोटर स्टॉल होऊ शकतो, म्हणजे पात्यांची उचल जाते, आणि हवेत स्टॉल झालेला रोटर पुन्हा मिळत नाही. फिरत्या वस्तूतली ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात असते. आरपीएमची सुई शंभरावरून नव्वदवर आली तर डोळ्यांना दहाच टक्के गेलेले दिसतात. प्रत्यक्षात एकोणीस गेलेले असतात.

कलेक्टिव्ह वेळेवर खाली गेला तर जे घडतं ते मला आजही उडण्यातलं सगळ्यात सुंदर वाटतं. फ्रीव्हील युनिट रोटरला बंद इंजिनापासून सोडवतं, हेलिकॉप्टर खाली यायला लागतं, आणि खालून वर येणारी हवाच पाती फिरवत राहते. स्पेनच्या हुआन दे ला सिएर्वाने १९२३ साली जो ऑटोजायरो, म्हणजे डोक्यावर रोटर असलेलं विमान, उडवून दाखवला, त्याचा रोटर इंजिनाला जोडलेलाच नव्हता. तो सगळा वेळ असाच हवेवर फिरायचा. आपण त्याला ऑटोरोटेशन म्हणतो आणि आणीबाणीच्या प्रकरणात टाकतो. पण मशीनच्या दृष्टीने ते खरंखुरं उड्डाणच आहे. ६५ नॉट्सचा वेग धरायचा, आरपीएम हिरव्या पट्ट्यात ठेवायचा, चाळीस फुटांच्या आसपास नाक वर घेऊन वेग आणि उतरण दोन्ही मारायचं, आठेक फुटांवर सपाट व्हायचं आणि उरलेली ऊर्जा कलेक्टिव्ह वर ओढून शेवटच्या क्षणी खर्च करायची. जागा शोधणं यात येतंच. फक्त ते दुसरं काम आहे.

हे मी इतक्या ठामपणे सांगते, कारण माझा स्वतःचा हात एकदा उलटा गेला होता.

तेव्हा माझे बावीस-तेवीस तास झाले असतील. सरळ उड्डाण, छान हवा, आणि माझ्या शिक्षकांनी काही न बोलता थ्रॉटल, म्हणजे इंजिनाची शक्ती कमी-जास्त करणारी मूठ, बंद केला. नाक डावीकडे झटकलं गेलं. मला नाक दिसलं, उजवं पेडल मी बरोबर दिलं. मग पोटात खड्डा पडल्यासारखं झालं, आणि माझा डावा हात किंचित वर आला. मी तसं ठरवलं नव्हतं. खाली जातोय असं वाटलं की माणूस वर ओढतो, तसा तो आला. भोंगा सुरू झाला. शिक्षकांनी कलेक्टिव्ह खाली दाबला तेव्हा सुई ८९ वर होती. उतरल्यावर ते रागावले नाहीत. मी मात्र बराच वेळ सीटवरच बसून त्या हाताकडे बघत होते.

आज मी विद्यार्थ्याला न सांगता थ्रॉटल कधीच बंद करत नाही. आर-२२ बनवणाऱ्या रॉबिन्सन कंपनीच्या सुरक्षा सूचनांमध्ये याच विषयावरची एक सूचना आहे: अचानक थ्रॉटल बंद करणं जीवघेणं ठरू शकतं, हे तिच्या शीर्षकातच आहे. खऱ्या इंजिन बिघाडाची तयारी करताना सरावातच हेलिकॉप्टर गमावण्यात काय अर्थ आहे? मी आधी सांगते, "तीन, दोन, एक," आणि मग थ्रॉटल. ज्यांना वाटतं की यात धक्का उरत नाही, त्यांना मी म्हणते की धक्क्याने हात शिकत नाही, हजार वेळा केल्याने शिकतो. ते हजारातले नऊशे तर खुर्चीतच करता येतात. घरी साध्या खुर्चीत बसा, डावा हात मांडीच्या बाजूला, डोळे समोर. कुणीतरी टाळी वाजवली की हात खाली, उजवा पाय पुढे, आणि तोंडाने "सुई, वेग, जागा". वेडगळ दिसतं. मी वर्षानुवर्षं करते आहे.

वर ओढण्याची ही ओढ आणीबाणीच्या कितीतरी प्रकारांत दबा धरून बसलेली असते. इंजिन चालू असूनही आरपीएम घसरला आणि भोंगा वाजला, तर थ्रॉटल वाढवत त्याच क्षणी कलेक्टिव्ह खाली घ्यायचा. घाबरलेला हात तो वरच नेतो. व्होर्टेक्स रिंगमध्ये सापडलं, म्हणजे हेलिकॉप्टर स्वतःच्याच खाली ढकललेल्या हवेत बुडायला लागलं, की कलेक्टिव्ह जितका ओढाल तितकं ते जास्त बुडतं. तिथे सायक्लिक, म्हणजे उजव्या हातातला दिशा देणारा दांडा, पुढे करून स्वच्छ हवेत जायचं, किंवा स्वित्झर्लंडच्या क्लोद व्ह्यूशार यांच्या नावाने ओळखली जाणारी बाजूला सरकण्याची पद्धत वापरायची. दोन्ही शिकाव्यात.

पण "आधी हात खाली" एवढंच डोक्यात कोरून घेतलं तर तेही घात करतं. जमिनीपासून आठ फुटांखाली, हॉवरमध्ये, म्हणजे एकाच जागी तरंगत असताना, इंजिन गेलं तर कलेक्टिव्ह खाली करायचा नाही. करायला गेलात तर मशीन जमिनीवर आदळेल. तिथे उजव्या पेडलने नाक सरळ ठेवायचं, हेलिकॉप्टरला आपसूक बसू द्यायचं आणि टेकता टेकता कलेक्टिव्ह वर घ्यायचा. म्हणून हॉवरपासून वर चढताना मी विद्यार्थ्याला मोठ्याने बोलायला लावते: "आता धरून ठेवायचा... आता खाली." हाताला उंची कळली पाहिजे.

आणि एक प्रकार असा आहे की तो मी हवेत शिकवूच शकत नाही. वर चढताना किंवा सरळ उडताना सायक्लिक झटकन पुढे ढकलला तर क्षणभर रोटरवरचा भार जातो. शेपटीचा छोटा पंखा, टेल रोटर, मात्र ढकलतच असतो, त्यामुळे हेलिकॉप्टर उजवीकडे कलंडतं. कुठलाही वैमानिक अशा वेळी डावीकडे सायक्लिक देईल. पण भार नसलेला रोटर डावीकडे झुकला तरी खालचं धड त्याच्या मागे येत नाही. दोन पात्यांचा झुलता रोटर असेल तर हब (पाती जोडणारा मधला भाग) मास्टवर (रोटर फिरवणाऱ्या उभ्या दांड्यावर) आपटतो आणि मास्ट तुटू शकतो. बरोबर कृती म्हणजे आधी सायक्लिक हलकेच मागे घेऊन रोटरवर भार परत आणणं, आणि मगच कल दुरुस्त करणं. आर-२२ च्या मॅन्युअलमध्ये असं मुद्दाम करून बघायला मनाई आहे, आणि ती योग्यच आहे. अमेरिकेच्या विमान वाहतूक नियामक एफएएने १९९५ साली खास नियम काढून आर-२२ आणि त्याच कंपनीच्या मोठ्या आर-४४ चे कंट्रोल हातात घेण्याआधी याचं शिक्षण सक्तीचं केलं. मी ते फळ्यावर शिकवते, हातात लाकडी पट्टी आणि दोरीला टांगलेलं वजन घेऊन. दोरी सैल सोडली की पट्टी कितीही फिरवा, वजन हलत नाही. हे एकदा बघितलेला विद्यार्थी खराब हवेत आपणहून वेग कमी करतो, सायक्लिक हळू हलवतो. माझ्यासाठी तो धडा तिथे पूर्ण होतो.

खऱ्या आयुष्यात मात्र आणीबाणी बहुतेक वेळा भोंगा वाजवत येत नाही. एक पिवळा दिवा लागतो. आर-४४ घेऊन दोन प्रवाशांना नेत असताना माझा मेन रोटर गिअरबॉक्सचा चिप दिवा लागला होता. गिअरबॉक्सच्या तेलात एक चुंबकी प्लग असतो, त्याला धातूचे कण चिकटले की हा दिवा लागतो. मॅन्युअल सांगतं: सोबत आवाज, थरथर किंवा तापमानवाढ असेल तर ताबडतोब उतरा, नसेल तर सोयीची जागा बघून लवकर उतरा. "ताबडतोब", "शक्य तितक्या लवकर" आणि "सोयीनुसार लवकर" या तीन शब्दप्रयोगांमध्ये जीव आणि मशीन दोन्हींचा फैसला असतो. ते एकमेकांत मिसळू देऊ नका. पहिल्याचा अर्थ झाडाझुडपातही उतरणं असू शकतो. माझ्याकडे आवाज नव्हता, थरथर नव्हती. आठ मिनिटांवर मोकळं मैदान होतं, तिथे उतरले.

प्रवासी वैतागले होते, त्यांचा दिवस वाया गेला होता. मेकॅनिकने प्लग काढला तर त्यावर करड्या केसांसारखा बारीक चुरा, तुकडा एकही नाही. नवीन गिअरबॉक्स सरावताना असं होतं. प्लग पुसून परत बसवला, नियमाप्रमाणे किमान तीस मिनिटं हॉवर केलं, दिवा पुन्हा लागला नाही. एका प्रवाशाने विचारलं, "मग उगाच उतरलो ना?" मी नाही म्हटलं. दिव्याला मैदानातून उत्तर देता येतं, हवेतून देता येत नाही. उद्या पुन्हा लागला तर मी पुन्हा उतरेन.

रेडिओबद्दल एवढंच. मदतीची हाक म्हणून मेडे म्हणायचं, १२१.५ या आणीबाणीच्या फ्रिक्वेन्सीवर म्हणायचं, रडारला आपली ओळख देणाऱ्या ट्रान्सपाँडरवर आणीबाणीचा कोड ७७०० टाकायचं, हे सगळं खरं. पण आधी मशीन उडवायचं, मग कुठे जायचं ते बघायचं, मग बोलायचं. ऑटोरोटेशनमध्ये मिनिटाला दीड-दोन हजार फूट खाली जाताना पाचशे फुटांवरून तुमच्याकडे पंधरा-वीस सेकंद असतात. पलीकडचा माणूस कितीही भला असला तरी तुमचा कलेक्टिव्ह त्याच्या हातात नाही.

परवा त्याच मुलाबरोबर हजार फुटांवर सरळ उड्डाण चाललं होतं. हवा शांत, कलेक्टिव्ह जागेवर धरून ठेवणारं फ्रिक्शन लावलेलं, आणि बोलता बोलता त्याचा डावा हात कलेक्टिव्हवरून निघून गुडघ्यावर जाऊन बसला. गुडघ्यापासून दांड्यापर्यंतचं अंतरही त्या दीड सेकंदातूनच वजा होतं, हे मी त्याला सांगितलेलं होतं. मी त्या हाताकडे पाहिलं, काही बोलले नाही. त्याने माझी नजर पाहिली, हात उचलला आणि परत दांड्यावर ठेवला. उतरेपर्यंत तो तिथून हलला नाही.