जुनी डब्ल्यूआरएक्स, नवा डॅशबोर्ड

पहिल्या पिढीच्या सुबारू इम्प्रेझावर जीव टाकणाऱ्यांना आधीच सांगून टाकतो: हो, मी मूळ डॅशबोर्ड काढला, आणि त्याचं मला अजिबात वाईट वाटत नाही. १९९२ साली आलेल्या डब्ल्यूआरएक्समध्ये, म्हणजे याच इम्प्रेझाच्या वेगवान अवतारात, दोन लिटरचं टर्बो इंजिन, २४० पीएस (अश्वशक्ती), चारही चाकांना ताकद, सगळं होतं. फक्त ड्रायव्हरच्या नाकासमोरच्या प्लॅस्टिकवर कोणी फार डोकं चालवलं नव्हतं. माझ्या १९९४ च्या गाडीत तर ते वरून तडकलं होतं आणि खड्डा आला की कुरकुरायचं. पुढे १९९७ मध्ये याच बॉडीला सुबारूच्याच फॉरेस्टर गाडीच्या घराण्यातला नवा डॅशबोर्ड मिळाला. बॉडी तीच, म्हणजे तो आपल्याही गाडीत बसणार, एवढा हिशोब मला पुरेसा होता.

बसवण्याबद्दल फार लिहीत नाही. बॅटरी सोडवायची, स्टीअरिंग कॉलम खाली घ्यायचा, हीटरच्या केबली सोडवायच्या, जुनं धूड दारातून तिरकं बाहेर काढायचं. मागचा लोखंडी बीम मात्र नव्या डॅशबोर्डबरोबरचाच घ्या. जुन्या बीमला भोकं पाडून भागवणारे आहेत, पण मला ते पटत नाही. स्टीअरिंगचा कॉलम त्याच बीमवर टांगलेला असतो.

खरी गंमत मीटरमध्ये आहे. मीटर आकडे दाखवतो एवढंच आपल्याला दिसतं, पण जुन्या गाडीत त्याच्याकडे इतरही जबाबदाऱ्या असतात आणि त्या मीटर काढल्यावरच कळतात.

वेगाचंच घ्या. माझ्या गाडीत गिअरबॉक्सपासून मीटरपर्यंत फिरती केबल होती. तिच्या टोकाला मीटरच्या आत एक चुंबक आणि त्याच्याशेजारी छोटासा रीड स्विच, म्हणजे चुंबकाने चालणारा स्विच. केबलच्या एका फेऱ्यात तो चारदा उघडझाप करतो आणि तेच सिग्नल, म्हणजे पल्स, इसीयूकडे (इंजिन चालवणाऱ्या कॉम्प्युटरकडे) जातात. जपानी गाड्यांत ताशी ६० किलोमीटरच्या वेगाला केबल मिनिटाला ६३७ फेरे घेते, म्हणजे किलोमीटरमागे २५४८ पल्स. जुना मीटर काढला की हे बंद. इसीयूच्या मते गाडी जागेवरच उभी! मग वेगाच्या सेन्सरचा बिघाड-कोड येतो आणि लाल सिग्नलला थांबताना आयडल, म्हणजे उभ्या गाडीतल्या इंजिनाचा वेग, डचमळू शकतो. नवा मीटर केबलचा नव्हताच, त्याला गिअरबॉक्सवरचा इलेक्ट्रॉनिक सेन्सर लागतो. तो केबलच्याच जागी बसवला, त्याला इग्निशनचे १२ व्होल्ट आणि अर्थिंग दिलं, आणि सिग्नलची वायर मीटरबरोबर इसीयूपर्यंतही नेली. ही शेवटची वायर विसरू नका.

दुसरी जबाबदारी त्या बॅटरीच्या लाल दिव्याची. चावी फिरवली की या बल्बमधूनच थोडा प्रवाह अल्टरनेटरला, म्हणजे बॅटरी चार्ज करणाऱ्या जनित्राला, जातो आणि तेवढ्यावर तो जागा होतो. चार्जिंग सुरू झालं की दोन्ही बाजूंचा व्होल्टेज सारखा होतो आणि दिवा विझतो. ती वायर जोडायची राहिली तर अल्टरनेटर ठणठणीत असूनही बॅटरी उतरू शकते. हौसेने तिथे एलईडी लावणाऱ्यांनी शेजारी समांतर रेझिस्टर टाकावा, नाहीतर प्रवाह अपुरा पडतो.

मूळ वायरिंगला मी कात्री लावली नाही. एका मेलेल्या जुन्या मीटरच्या पाठीमागचे सॉकेट काढले, दुसऱ्या टोकाला नव्या मीटरचे कपलर (वायरी जोडायचे प्लग), आणि मध्ये हाताने बनवलेला छोटा हार्नेस, म्हणजे वायरींचा जुडगा. रंगावर विश्वास ठेवायचा नाही. दोन्ही गाड्यांचे वायरिंग डायग्राम शेजारी ठेवून एकेक पिन मल्टीमीटरने तपासायची. कंटाळवाणं काम आहे, पण मला त्यात मजा येते, त्याला कोण काय करणार.

गाडीत बसवण्याआधी मीटर टेबलावरच चालवून पाहिला. चार सिलिंडरच्या इंजिनात क्रँकच्या एका फेऱ्याला दोन ठिणग्या, म्हणजे १०० हर्ट्झ दिले की आरपीएमचा काटा ३००० वर यायला हवा. सिग्नल जनरेटरचं बटण फिरवलं, काटा एकदा थरथरला आणि बरोबर ३००० वर जाऊन थांबला. सुमारे साडेबेचाळीस हर्ट्झला वेग ६० दाखवला. पेट्रोलच्या काट्यासाठी टाकीतल्या फ्लोटचा रेझिस्टन्स भरलेल्या आणि रिकाम्या स्थितीत मोजून तेवढेच रेझिस्टर लावले. इथेच फरक दिसला तर इथेच निस्तरता येतो. गाडीत गेल्यावर पुन्हा सगळं उघडत बसावं लागतं.

एअरबॅगच्या बाबतीत मी भित्रा आहे आणि तसाच राहणार. पॅसेंजर एअरबॅग नसलेलाच डॅशबोर्ड शोधून घेतला. कंट्रोल युनिट आणि धडकेचे सेन्सर नसताना नुसती पिशवी बसवणं म्हणजे शोभेची वस्तू, आणि तीही स्फोटक. एअरबॅगचे पिवळे कपलर दिसले की तिथे मल्टीमीटर टेकवायचाच नाही.

राहिला ओडोमीटर. नवा मीटर दुसऱ्या गाडीचे किलोमीटर दाखवतो आणि ते माझ्या गाडीपेक्षा बरेच कमी आहेत. बदलाच्या दिवशी दोन्ही आकड्यांचा फोटो काढला आणि तारखेसकट सर्व्हिस बुकात लिहून ठेवला. पुढेमागे गाडी विकली तर ते पान घेणाऱ्याला आधी दाखवणार. जुना डॅशबोर्ड आणि मीटर जपून ठेवलेत. मूळ रूपाचा आग्रह धरणारा कोणी भेटलाच तर मधला हार्नेस काढायचा, जुने कपलर जसेच्या तसे आहेत. केबल पुन्हा बसवायची हमाली मात्र त्याची.