साडेतीन म्हणजे किती

२.४ + १.३ = ४.१

हे उत्तर पहिल्या आठवड्यात मी त्या मुलाच्या वहीत लाल पेननी खोडलं आणि बाजूला लिहिलं, "लक्ष देऊन सोडव". ते वाक्य लिहायला नको होतं असं मला आजही वाटतं, कारण तो लक्ष देऊनच सोडवत होता.

मी नाशिकला सिडकोत त्रिमूर्ती चौकाजवळ घरीच क्लास घेते, चौदा वर्षं झाली. मे महिन्यात पाचवी संपवून सहावीत जाणाऱ्या पोरांची एक वेगळी बॅच असते, सकाळी आठ ते साडेनऊ, त्यानंतर गच्चीवरच्या पत्र्याखाली बसवत नाही. ह्या बॅचला फक्त अपूर्णांक आणि दशांश, दुसरं काही नाही. सहावीत गुणोत्तर, शेकडेवारी, नफा-तोटा सगळं येतं आणि ते सगळं ह्याच्यावर उभं राहतं. छेद समान करता येत नसेल तर पुढे मूल प्रत्येक धड्यात अडखळतं आणि घरच्यांना वाटतं त्याला गणितच जमत नाही.

ह्या मुलाबद्दल त्याची आई पहिल्याच दिवशी म्हणाली, "ताई, ह्याचं काही खरं नाही, एप्रिलपासून रोज चाळीस गणितं करून घेतलीत मी, कधी बरोबर येतात कधी चूक." सोबत भरलेली अख्खी वही आणली होती. आणि खरंच तसंच होतं. १.२ + २.३ बरोबर, ३.१ + ०.४ बरोबर, आणि लगेच खाली ७.२ − ३.५ चं उत्तर ३.३. कुणालाही वाटेल पोरगं मधेच गुंगतं.

त्या दिवशी मी फळ्यावर ६.८ + १.१ लिहिलं. सगळ्यांनी सोडवलं, हा पेन्सिल धरून नुसता बसलेला. मी जवळ जाऊन विचारलं काय अडलं रे, तर अगदी हळू आवाजात म्हणाला, "मॅडम, हे चुकीचं लिहिलंय ना? आठ कसे होतील, सहालाच तर ओव्हर संपते."

मला दोन मिनिटं काही बोलताच आलं नाही. मग मी त्याची ती वही काढली आणि तिथेच बाकावर बसून परत तपासायला घेतली. २.४ म्हणजे दोन ओव्हर चार बॉल, १.३ म्हणजे एक ओव्हर तीन बॉल, एकूण पंचवीस बॉल, म्हणजे ४.१. बरोबर! ७.२ म्हणजे चव्वेचाळीस बॉल, त्यातून ३.५ चे तेवीस गेले, उरले एकवीस, म्हणजे ३.३. हेही बरोबर! जिथे टिंबानंतरच्या आकड्यांची बेरीज पाचपर्यंतच राहत होती तिथे पुस्तकाचं उत्तर आणि त्याचं उत्तर एकच येत होतं, म्हणून "कधी बरोबर कधी चूक". मी ज्या पानावर २० पैकी ७ मार्क दिले असते त्या पानावर त्याच्या नियमानी १९ गणितं बरोबर होती, आणि तीही सगळी तोंडी.

विचारल्यावर कळलं की त्याचा मामा कॉलनीच्या टेनिस बॉल क्रिकेट टूर्नामेंटचा स्कोअर लिहितो आणि हा दोन वर्षं गोल्फ क्लब मैदानावर त्याच्या शेजारी बसून बॉल मोजतो. शाळेत दशांश चिन्ह आलं त्याच्या आधीच तो टिंब त्याला ओळखीचा झाला होता. आणि वाईट ह्याचं वाटलं की एप्रिलभर रोज चाळीस गणितं करून घेतली म्हणजे तो वेगळा नियमच महिनाभर घोटून पक्का झाला. सुट्टीत सराव हवाच, माझा क्लासच त्याच्यावर चालतो, पण मूल उत्तर कसं काढतंय हे एकदा शेजारी बसून ऐकल्याशिवाय नुसती पानं भरून घेणं मला आता धोक्याचं वाटतं.

मी पुस्तक बाजूला ठेवलं. ग्राफ पेपरच्या सारख्या लांबीच्या दोन पट्ट्या कापल्या, एकीचे सहा भाग, दुसरीचे दहा. एकीवर लिहिलं ओव्हर, दुसरीवर किलो. त्याला म्हणलं दोन्हीचा अर्धा दाखव. ओव्हरच्या पट्टीवर बोट ३ वर आलं, किलोच्या पट्टीवर ५ वर. बोट तिथेच ठेवून तो बराच वेळ बघत राहिला आणि मग म्हणाला, "म्हणजे साडेतीन ओव्हर ३.३ आणि साडेतीन किलो ३.५?"

हो! आणि मग बाकीची पोरंही घुसली. एक म्हणाली, साडेतीन वाजले तर आपण ३.३० लिहितो. दुसऱ्याच्या घरचं किराणा दुकान आहे, तो म्हणाला आमच्या काट्यावर ३.५०० येतं. बोलताना शब्द एकच साडेतीन, लिहिताना तीन तऱ्हा. एक मुलगी म्हणाली साडेतीन शक्तिपीठं पण असतात, आपल्या वणीची सप्तशृंगी त्यातलं अर्धं पीठ. मी ते पण फळ्यावर लिहिलं, कारण अर्धा हा अर्धाच असतो, कुणाचा अर्धा ते आधी बघायचं, एवढंच मला त्या दिवशी शिकवायचं होतं. टिंबाच्या मागे एक छेद लपलेला असतो. ओव्हरमधे तो ६, वेळेत ६०, आणि गणिताच्या पुस्तकात १०, १००, १०००. पुढचे पंधरा दिवस प्रत्येक दशांश अपूर्णांकाखाली सगळ्यांनी तो लपलेला छेद आधी लिहायचा आणि मगच बेरीज करायची असं ठरवलं. ०.२५ मोठा की ०.३ मोठा, ह्याच्यावर दरवर्षी अर्धी बॅच २५ मोठे म्हणून ०.२५ सांगते, ह्या वर्षी छेद लिहिल्यावर २५/१०० आणि ३०/१०० समोर दिसले आणि वादच मिटला.

त्याला स्वतःला एक जुनी शंका होती ती त्यानी दुसऱ्या दिवशी काढली. ४.३ ओव्हरमधे २७ रन झाले तर टीव्हीवर रनरेट ६.०० दाखवतात, आणि मोबाईलच्या कॅल्क्युलेटरवर २७ भागिले ४.३ केलं की ६.२८ च्या आसपास येतं, असं का? मी उत्तर दिलं नाही. त्यानी पट्ट्या काढल्या, तीन बॉल म्हणजे अर्धी ओव्हर, ४.५ नी भागलं, बरोबर सहा आलं. मग स्वतःच्या हातानी वहीतलं ते "लक्ष देऊन सोडव" खोडायला मी खोडरबर मागितलं, पेनचं होतं ते, गेलं नाही, म्हणून वर कागदाचा तुकडा चिकटवला. आईलाही बसवून सगळं दाखवलं. ती नुसती वहीवरून हात फिरवत राहिली.

आणि त्याच आठवड्यात अपूर्णांकांची बेरीज सुरू झाली. १/२ + १/३, जिथे निम्मी पोरं अंशात अंश छेदात छेद मिळवून २/५ लिहितात. हा सगळ्यात आधी म्हणाला ५/६. कसं काढलं? "अर्धी ओव्हर तीन बॉल, एक तृतीयांश ओव्हर दोन बॉल, पाच बॉल झाले." लसावि हा शब्दही त्यानी वापरला नव्हता. मी लगेच १/४ + १/३ दिलं. तो थांबला. पाव ओव्हर म्हणजे दीड बॉल, दीड बॉल तर कुणी टाकत नाही. खिडकीतून बाहेर बघत बोटं मोजत बसला, मी बाकीच्यांना गप्प राहायला सांगितलं, आणि मग म्हणाला, "मॅडम, दोन ओव्हर घेतल्या तर चालेल का? बारा बॉल. मग पाव म्हणजे तीन, आणि एक तृतीयांश म्हणजे चार."