तुम्ही विचारलंत म्हणून: मासा घरपोच मागवू की दुकानातून आणू?

खाऱ्या पाण्याची टाकी घरात असली की पहिल्या भेटीत पाहुणे माशांची नावं विचारतात. दुसऱ्या भेटीत, ज्यांना हा नाद लागायच्या बेतात आहे ते, आवाज जरा खाली आणून विचारतात, "ऑनलाइन मागवलेले मासे जगतात का हो? की दुकानातूनच आणावेत?" हा प्रश्न इतक्यांदा आलाय की त्याची माझ्याकडे चार-पाच उत्तरं जमली आहेत, आणि त्यातलं कुठलं बाहेर पडेल ते त्या आठवड्यात माझ्या टाकीत कोण मेलंय यावर ठरतं. आज सगळे जिवंत आहेत. तेव्हा आजचं उत्तर त्यातल्या त्यात निष्पक्ष.

माझा पहिला ऑनलाइन मासा मी स्वतः मारला. विकणाऱ्यानं नाही, कुरियरवाल्यानं नाही. फ्लेम एंजल होता, लालभडक, अंगावर काळे उभे पट्टे. थर्माकोलचा खोका उघडला तेव्हा त्याला पिशवीत बसून तीस तास झाले होते. पाणी फिकट पिवळं झालेलं, तळाशी विष्ठेचे दोन बारीक धागे, आणि मासा एका कोपऱ्यात नाक खुपसून, पण सरळ उभा. कल्ले नीट हलत होते. मग मी हुशारी केली. पिशवी उघडून सगळं पाणी बादलीत ओतलं, एअर ट्यूबला गाठ मारली आणि टाकीतलं पाणी त्या बादलीत थेंब थेंब सोडत बसलो. घाई नको, बिचारा दमून आलाय, असं म्हणत. तासाभरानं त्याचा श्वास वाढला. मला वाटलं, घाबरलाय. दीड तासानं तो आडवा झाला.

काय झालं ते मला पुष्कळ नंतर कळलं. बंद पिशवीत माशाच्या श्वासातला कार्बन डायऑक्साइड साठत जातो आणि पाण्याचा पीएच उतरत उतरत सातच्या आसपास, कधी त्याच्याही खाली जातो. माशाच्या अंगातून बाहेर पडणारा अमोनियाही त्याच पाण्यात साठतो. पण पीएच खाली असल्यामुळे तो बहुतेक सगळा अमोनियमच्या रूपात राहतो, आणि ते रूप त्यामानानं सौम्य. म्हणजे विष शेजारीच असतं, पण झोपलेलं. पिशवी उघडली की कार्बन डायऑक्साइड उडून जायला लागतो. वर आपण टाकीतलं 8.2 पीएचचं पाणी थेंब थेंब घालणार. पीएच चढतो आणि अमोनियमचा पुन्हा अमोनिया होतो. पीएच एका अंकानं चढला की विषारी भाग साधारण दहापट. त्या फ्लेम एंजलला मी दीड तास, मोठ्या प्रेमानं, त्या पाण्यात बसवून ठेवला.

दुकानातून अर्ध्या-पाऊण तासात घरी आलेल्या माशाला हेच थेंब-थेंब प्रकरण मानवतं, कारण पिशवीत अमोनिया साठायला वेळच मिळालेला नसतो. लांबून आलेल्याचं गणित वेगळं. त्याच्यासाठी मी आता विकणाऱ्याला आधीच विचारतो की तुमच्या पाण्याची सॅलिनिटी, म्हणजे खारटपणा, किती, आणि क्वारंटाइनची टाकी (नव्या माशाला आधी वेगळं ठेवायची) त्याच आकड्यावर आणून ठेवतो. खोका आला की खोलीतले दिवे कमी करायचे, बंद पिशवी वीस-तीस मिनिटं तरंगत ठेवून तापमान जुळवायचं, मग पिशवी कापायची आणि मासा उचलून सरळ आत. पिशवीतलं पाणी मोरीत. कोळंबी आणि तारामासे यांना सॅलिनिटीतला झटका सोसत नाही, त्यांना सावकाशच घ्यावं लागतं; तिथं मी पिशवी उघडल्या उघडल्या अमोनिया बांधून ठेवणारं कंडिशनर घालतो.

तर ऑनलाइन मासे जगतात का? जगतात. मरतात त्यातले काही पोचल्यावर आपल्या हातून मरतात, आणि शिव्या कुरियरला बसतात.

आता दुकान. दुकानात आणि वेबसाइटवर एकाच जातीच्या माशाच्या किमतीत फरक दिसला की लोक म्हणतात, दुकानदार कापतो. मीही म्हणायचो. पण मासा तिथवर कसा येतो ते बघा. खाऱ्या पाण्याचे बहुतेक मासे अजूनही समुद्रातून पकडलेले असतात. पकडणारा, गोळा करणारा, निर्यात करणारा, आयात करणारा, मग ठोक विक्रेता. प्रत्येक टप्प्यावर नवी पिशवी आणि प्रत्येक पिशवीआधी उपास, कारण पोट भरलेला मासा वाटेत पाणी घाण करतो, म्हणून पाठवण्याआधी एक-दोन दिवस त्याला खायला घालत नाहीत. दुकानात उतरतो तेव्हा तो किती दिवसांचा उपाशी आहे हे दुकानदारालाही सांगता येत नाही. त्यात तो सायनाइडनं पकडलेला असेल तर आणखी पंचाईत. फिलिपीन्समध्ये 1960 च्या दशकात सुरू झालेला हा प्रकार: सायनाइडची फवारणी करून माशाला गुंगी आणायची आणि कपारीतून अलगद काढायचा. मासा शुद्धीवर येतो, दिसतोही छान, आणि काही दिवसांनी, कधी काही आठवड्यांनी, काही कारण न देता मरतो.

हे मरायचे दिवस कुठंतरी जाणारच. मासा दुकानात दहा दिवस राहिला तर निदान त्यातले काही तिथं जातात, दुकानदाराच्या खर्चानं. तो जे जास्त घेतो ते मला आता त्या दहा दिवसांचं भाडं वाटतं. अट एवढीच की त्यानं ते दिवस खरंच दिलेले असावेत. काल संध्याकाळी उतरलेला मासा आज सकाळी तुमच्या पिशवीत घालणारा दुकानदार आणि वेबसाइट यांत मला फरक दिसत नाही. असलाच तर दुकानदाराकडून माशाला एक जादा पिशवी.

म्हणून दुकानात पहिल्या खेपेला मी मासा घेत नाही. आलाय कधी ते विचारतो आणि म्हणतो, "जरा खायला घाला की." एकदा एका कॉपरबँड बटरफ्लायफिशवर मन बसलं होतं. लांब चोच, चांदीसारख्या अंगावर तांबूस पट्टे, काचेपाशी येऊन माझ्याकडे बघत होता. दुकानदारानं मायसिस, म्हणजे बारीक कोळंबीसारखं खाद्य, टाकलं. माशानं एक दाणा अचूक टिपला. "बघा, खातो!" मी बघत राहिलो. दोन सेकंदांनी तो दाणा बाहेर. दुसरा टिपला, तोही बाहेर. असं सात वेळा. दुकानदार खोटं बोलत नव्हता, त्यानं पहिला घास बघितला आणि तो दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळला. मी तो सोडून आलो. वेबसाइटवरच्या फोटोत ही थुंकलेली मायसिस दिसली नसती.

मँडरिन नावाच्या माशाला तर मी वरून बघतो. समोरून तो नेहमीच राजबिंडा दिसतो. वरून पाहिलं की पाठीच्या कण्याच्या दोन्ही बाजू आत गेलेल्या दिसतात, म्हणजे पोटात कित्येक दिवस काही नाही. हा मासा दिवसभर दगडांवरचे कोपेपॉड नावाचे बारीक जीव टिपत फिरतो, आणि दुकानाच्या उघड्या-बोडक्या टाकीत कोपेपॉड कुठून असणार? कल्ल्यांची उघडझाप मी मिनिटभर मोजतो. ऐंशीच्या पुढे गेली की पाय काढता घेतो. वेल्व्हेट नावाचा परजीवी आधी कल्ल्यांत बसतो आणि अंगावर पूड दिसेपर्यंत खेळ संपलेला असतो.

पण दुकान म्हणजे काही देवाचं घर नाही. बऱ्याच दुकानांत भिंतभर मांडलेल्या सगळ्या टाक्या खाली एकाच सम्पला, म्हणजे पाणी गाळायच्या सामायिक टाकीला, जोडलेल्या असतात. वरच्या रांगेत एक मासा आजारी पडला की सगळी भिंत आजारी. त्यावर उतारा म्हणून पाण्यात थोडं कॉपर सोडून ठेवतात; तेवढ्यानं रोग मरत नाही, फक्त दबून राहतो आणि तुमच्या घरी येऊन डोकं वर काढतो. सॅलिनिटीही मुद्दाम उतरवलेली असते. टाकीत आपण 1.025 (विशिष्ट गुरुत्वाचा आकडा; जास्त म्हणजे जास्त खारट) ठेवतो, तिथं कित्येकदा 1.018 ते 1.020. मीठ वाचतं, परजीवींना जड जातं, माशाला थोडा आराम पडतो. पण तो मासा घरी आणून एकदम 1.025 मध्ये सोडला तर त्याचे हाल. खाली जाणं माशाला सोपं, वर चढणं अवघड. दुकानातून आणलेला मासा तिसऱ्या दिवशी का गेला असं विचारणाऱ्याला मी उलट विचारतो, पिशवीतल्या पाण्याची सॅलिनिटी मोजली होतीत का? बहुतेकांनी नसते.

आणि नावं. मला एका दुकानात पांढऱ्यावर काळे ठिपके असलेलं, पंख फडफडवत डुलत चालणारं बोटभर पिल्लू दाखवलं. "छोटाच राहतो." मी उचललं. तो पँथर ग्रूपर होता. हा मासा सत्तर सेंटिमीटरपर्यंत वाढतो. माझ्याकडे तेवढा वाढायच्या आत त्यानं माझे दोन छोटे कार्डिनल मासे गिळले. त्याला परत नेऊन दिला, कार्डिनल कोण परत देणार? ऑनलाइन यादीत निदान शास्त्रीय नाव लिहिलेलं असतं, आणि बटण दाबायच्या आधी वाचायला रात्र हाताशी असते. समोर मासा नाचत असताना माणूस वाचत नाही.

ऑनलाइनचं मोठं सुख म्हणजे टाकीत जन्मलेले मासे. क्लाउनफिश कितीतरी वर्षं असे मिळतात. बँगाई कार्डिनलचंही तेच: नर अंडी तोंडात सांभाळतो, इंडोनेशियातल्या बँगाई बेटांभोवतीच तो मुळात सापडतो आणि 2007 पासून आययूसीएन या निसर्गसंवर्धनाच्या जागतिक संस्थेच्या यादीत धोक्यातली जात म्हणून नोंदलेला आहे. तो समुद्रातून काढलेला घ्यायचं आता काहीच कारण उरलेलं नाही. यलो टँगची पिल्लं तर कितीतरी वर्षं कुणालाच वाढवता येत नव्हती. हवाईतल्या ओशनिक इन्स्टिट्यूटनं 2015 मध्ये ते पहिल्यांदा जमवलं. असा मासा लहानपणापासून पेलेट, म्हणजे खाद्याच्या सुक्या गोळ्या, खाल्लेला असतो आणि त्याच्या वाट्याला ती पिशव्यांची माळ आलेली नसते. तो मी डोळे झाकून खोक्यातून मागवतो. अशी पैदास जवळच्या दुकानात नसेल, तर दुकानाची वाट बघण्यात अर्थ नाही.

कोरलचे (प्रवाळाचे) फ्रॅग, म्हणजे तोडलेले छोटे तुकडेही, प्रवास बरा सोसतात. तिथं सांभाळायचा तो फोटो. गडद निळ्या दिव्याखाली तपकिरी तुकडासुद्धा जांभळा-हिरवा पेटतो. दुरून डोंगर साजरे. पांढऱ्या उजेडातला फोटो मागा, मग भाव करा. आणि परवान्याचं विचारा: दगडी प्रवाळ, समुद्रघोडे, जायंट क्लॅम ही मंडळी साइट्स (CITES) या वन्यजीव व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या परिशिष्ट 2 मध्ये आहेत, काही देशांत तर ती घरात ठेवणंच गुन्हा आहे. गोगलगायी घेतानाही जात वाचा. थंड पाण्यातल्या मार्गारिटा गोगलगायी उष्ण टाक्यांसाठी सर्रास विकल्या जातात आणि हळूहळू मरतात.

ऑनलाइनचा खरा सापळा म्हणजे डिलिव्हरीचा खर्च. एक मासा मागवा की सहा, खोका एकच. माणूस हिशेबी, तो सहा मागवतो. दोन माशांची सवय असलेल्या फिल्टरमधल्या जिवाणूंवर एका रात्रीत आठ माशांचा भार पडतो, आणि वाटेत वाचलेले घरात जातात. "मेला तर पैसे परत" हे वाचूनही लोक निर्धास्त होतात. ती हमी सहसा पोचताना मेलेल्या माशाची असते, तीही काही तासांत फोटो पाठवलात तर. मासा मरतो चौथ्या-पाचव्या दिवशी.

त्यामुळे मी विकणाऱ्याला, तो काउंटरमागे असो की फोनवर, एकच विचारतो: हा मासा तुमच्याकडे किती दिवस आहे आणि काय खातो? काही वेबसाइटवाल्यांकडे मासा मुळात नसतोच, ऑर्डर आली की ठोकवाल्याकडून परस्पर निघतो, ते गडबडतात. कुणीतरी मात्र त्याच संध्याकाळी खातानाचा व्हिडिओ पाठवतो. त्याच्याकडून मी घेतो, मग तो कितीही लांब असो.

क्वारंटाइन दोघांनाही चुकत नाही. साधी टाकी, तळाशी वाळू नाही, स्पंज फिल्टर, हीटर, लपायला पीव्हीसी पाइपचे तुकडे, निदान चार आठवडे. एकदा कंटाळा केला होता. मरीन इच नावाचा परजीवी मोठ्या टाकीत शिरला आणि त्याची साखळी तुटावी म्हणून ती टाकी 76 दिवस बिनमाशांची ठेवावी लागली. घरी आलेले लोक नुसत्या दगडांकडे बघून "छान आहे" म्हणत.

मँडरिनचं वर बोललो, कारण सध्या तोच डोक्यात आहे. परवा दुकानात एकासाठी आगाऊ पैसे भरून आलोय, मासा तिथंच आहे. दहा दिवसांनी जाईन, वरून बघेन. पाठ भरलेली दिसली तर पिशवी बांधा म्हणेन, नाहीतर त्या पैशांच्या गोगलगायी घेऊन येईन.